शुक्रवारी तुमच्या घरी काय करतात?

सॉलोमन झिराडकर एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन नाशिकच्या जेल रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा त्यांची बायको रिबका होती आणि मुलगी तमार नर्सिंगला होती. पुढे रिबका वारली. तमार नोकरीसाठी इस्राएलला गेली आणि तिथलीच झाली. सॉलोमन एकटे उरले. सोसायटीत कोणी त्यांना ख्रिश्चन समजायचं, कोणी मुसलमान. नाताळला खालच्या मजल्यावरून केक यायचा आणि ईदला तोच शेजारी गळाभेट घ्यायचा. सुरुवातीला सॉलोमन समजावून सांगत. मग दोन्ही वेळा थँक्यू म्हणायला लागले.

एका रविवारी सकाळी रहेमान आला. हा त्यांच्याच सेक्शनला इलेक्ट्रिशियन होता, मूळचा येवल्याचा. आवाज असा, की कॉलनीच्या गणेशोत्सवात त्याच्या गाण्याशिवाय कार्यक्रम संपत नसे. त्याच्याबरोबर एक चष्म्यातल्या बाई होत्या.

"साहेब, या ज्योत्स्नाताई. आमचं नाटक बसवताहेत. तुमची मदत पाहिजे."

ज्योत्स्नाताई बँकेत होत्या आणि दरवर्षी स्पर्धेसाठी नाटक बसवत. यंदा एक जुनं परदेशी संगीत नाटक मराठीत करायचं होतं. खेड्यातला एक ज्यू बेकरीवाला, त्याच्या लग्नाच्या मुली, घरातल्या रीतीभाती, आणि मुली एकेक रीत मोडायला लागल्यावर उडालेला त्याचा गोंधळ.

"बापाचं काम रहेमानभाई करताहेत," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "पण आम्हाला कुणालाच ज्यू घर माहीत नाही. ते म्हणाले, आमचे साहेब आहेत ना!"

सॉलोमनना बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी ते ज्यू आहेत म्हणून घरी आलं होतं.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये चालत. पहिल्याच दिवशी शुक्रवारच्या संध्याकाळचा प्रवेश होता. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, सगळं कुटुंब जेवायला बसतं आणि बाप प्रार्थना म्हणतो.

"तुमच्या घरी कसं करतात ते करून दाखवा ना, काका," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

सॉलोमननी खिशातली टोपी डोक्यावर चढवली. "बायको तेलाचा दिवा लावायची. काचेच्या ग्लासात पाणी, वर तेल, त्यात वात. मग मी शरबताचा पेला हातात घ्यायचो."

"शरबत? वाइन ना?"

"किसमिसचं शरबत. सकाळी मनुका भिजत घालायच्या, संध्याकाळी कुस्करून गाळायच्या. मग त्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना, म्हणायची. नंतर चपातीचा तुकडा मिठाला लावून सगळ्यांना द्यायचा."

"चपाती?" ज्योत्स्नाताईंनी मोबाइल पुढे केला. त्यात मूळ नाटकाचा कुठलासा प्रयोग होता. दाढीवाला बाप, काळे कोट, टेबलावर दोन मेणबत्त्या, वेणीसारखा विणलेला मोठा पाव. "हे असं नाही करत तुम्ही?"

"आमच्यात असं नसतं."

"मग लग्नात? असा मांडव, असे नाच?"

"लग्नाआधी मेंदी असते. हिरवा चुडा भरतात. आणि मलिदा. पोहे, गूळ, खोबरं. एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं करतात. लग्न मशिदीत लागतं. आमचे म्हातारे सिनॅगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणायचे."

हॉलमध्ये कोणी तरी हसलं. ज्योत्स्नाताईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांना खरंच काही समजेना.

"काका, राग मानू नका हं. पण तुम्ही ज्यूच ना? नक्की?"

सॉलोमन म्हणाले, "हो तर. आमचे पूर्वज कोकणात उतरले. झिराड आमचं गाव." पण हे बोलताना आपण तिकीट नसलेल्या प्रवाशासारखे बोलतोय असं त्यांना वाटलं.

परतताना स्कूटरवर रहेमान म्हणाला, "साहेब, मलिदा तर आमच्यातपण असतो. दर्ग्यावर."

"असतो?"

"म्हणजे काय! मग तो मूळचा कोणाचा?"

सॉलोमननी डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली.

त्यानंतर ते तालमीला जात राहिले. ज्योत्स्नाताई त्यांना मानानं पुढच्या खुर्चीत बसवत, पण नाटक मोबाइलमधल्यासारखंच बसवत होत्या, आणि सॉलोमनना त्यात चूक दिसत नव्हती. ती त्या माणसांची गोष्ट होती. उलट त्यांनाच ते आवडायला लागलं. रहेमान मेणबत्त्यांसमोर उभा राहून दोन्ही हात मुलींच्या डोक्यावर धरायचा आणि गायचा, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा यायचा. ज्यू असं दिसायला हवं, असं त्यांना वाटे. आपल्या घरातला ग्लासातला दिवा त्यापुढे उगाच गावंढळ वाटे. मग असं वाटल्याबद्दल रिबकाची आठवण येई आणि वाईटही वाटे.

त्याच सुमारास तमारचं लग्न ठरलं. मुलगा तिथलाच, त्याचं घराणं मोरोक्कोहून आलेलं. सॉलोमनना मोरोक्को नकाशात शोधावं लागलं.

"पप्पा, एक काम आहे," तमार फोनवर म्हणाली. "इथं लग्नाच्या परवानगीआधी मी ज्यू आहे हे दाखवावं लागतं. कागद सगळे दिलेत. पण इथल्या धर्मखात्यातले एक गृहस्थ तुमच्याशी व्हिडिओवर बोलणार आहेत. साधे प्रश्न असतात. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?"

पण ते घाबरले. ठरलेल्या दुपारी पांढरा शर्ट घातला, पंखा बंद केला, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. समोर पांढऱ्या दाढीचा माणूस आला. त्यानं इंग्रजीत नाव, वडिलांचं नाव, लग्न कुठं लागलं ते विचारलं. सॉलोमननी नीट सांगितलं. मग तो म्हणाला, "शुक्रवारी तुमच्या घरी काय करतात?"

त्या दाढीकडे बघत सॉलोमन म्हणाले, "बायको दोन मेणबत्त्या लावायची."

"मग?"

"मग मी वाइनवर किद्दुश म्हणायचो. मग पाव. विणलेला, मोठा."

"तो पाव तुमच्या गावात मिळतो?"

"घरी करायचो," सॉलोमन म्हणाले. त्यांच्या घरात कधी ओव्हन नव्हता.

त्या माणसानं काही तरी टिपून घेतलं, आभार मानले, आणि पडदा काळा झाला. सॉलोमन तसेच बसून राहिले. पंखा लावायचंही त्यांना सुचलं नाही. आपण खोटं बोललो हे त्यांना कळत होतं, पण का बोललो ते कळत नव्हतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बरोबर उत्तर द्यायला गेले आणि तोंडातून दुसऱ्याचं घर निघालं.

संध्याकाळी तमारचा फोन आला. ती रडत होती आणि चिडलीही होती.

"पप्पा, तुम्ही मेणबत्त्या सांगितल्या? पाव सांगितला? मी तर शरबत आणि चपाती सांगितली होती! ते म्हणतात, बाप-लेकीचं जुळत नाही, आता पुन्हा चौकशी करावी लागेल. हे कुठून आणलंत तुम्ही?"

"नाटकातून," सॉलोमन म्हणाले.

"कुठल्या नाटकातून?"

त्यांनी सांगितलं. 

"मम्मी दर शुक्रवारी मनुका भिजवायची, पप्पा. तिला ताप असला तरी. ते सांगायला तुम्हाला लाज वाटली?"

"लाज नाही गं. मला वाटलं, त्यांना हेच हवं असेल."

"मग आता काय करायचं?"

"मला पुन्हा बोलू दे त्यांच्याशी."

पुन्हा बोलणं ठरायला आठवडा गेला. त्या आठवड्यात सॉलोमन तालमीला गेले नाहीत. शेवटी रहेमानच घरी आला. सगळं ऐकून तो हसला नाही.

"साहेब, माझं उलटं झालंय," तो म्हणाला. "परवा माझी कशिश म्हणाली, 'अब्बू, आजकल आप वैसे ही हाथ रखते हो सर पे, जैसे नाटक में.' माझ्या अब्बांनी कधी असा हात ठेवला नव्हता. आता मी ठेवतो तो नाटकातला की माझा? पोरीला तर आवडतं."

"मग काय करतोस?"

"ठेवतो. काय करणार!"

व्हिडिओच्या वेळी तो स्वयंपाकघरात चहा करत थांबला. पांढऱ्या दाढीचा माणूस समोर आला, तसे सॉलोमन आधीच बोलायला लागले. "सर, मागच्या वेळी मी सांगितलं ते खोटं होतं. आमच्या घरी मेणबत्त्या नव्हत्या, पाव नव्हता. इथं एक नाटक बसवतात, त्यातलं सांगितलं मी. माझ्या मुलीनं सांगितलं ते खरं."

"तुम्ही असं का केलंत?"

"मला माहीत नाही," सॉलोमन म्हणाले. "तुमची दाढी बघून मला वाटलं, आमचं तुम्हाला चालणार नाही."

 तो माणूस हसला की नाही ते दाढीमुळे कळलं नाही. "किद्दुश म्हणून दाखवा," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांसारखी."

घरात शरबत नव्हतं. सॉलोमननी पाण्याचा ग्लास उचलला. वडील म्हणत त्या चालीवर, अधूनमधून कीर्तनासारखी ओढ घेत, त्यांनी ती म्हटली. मध्ये एक शब्द विसरले. थांबले, मागच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी तो शब्द आठवला.

"तुमच्या भागातल्या आणखी लोकांशी मी बोललोय," तो माणूस म्हणाला. "तेही मनुकांचं सांगतात. मी विचारात पडलो होतो तो तुमच्या पावामुळे."

तमारच्या लग्नाला परवानगी मिळाली. नाटकाचा प्रयोगही झाला. सॉलोमन पहिल्या रांगेत बसले होते. रहेमाननं मुलींच्या डोक्यावर हात ठेवले, तेव्हा ते रडले. ती गोष्ट त्या बेकरीवाल्याची होती, रहेमानची होती की आपली, हे त्यांना सांगता आलं नसतं. नाटकाला तिसरं बक्षीस मिळालं. ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे अस्सल झालं." 

विमानाच्या तारखा दोनदा बदलल्यावर ते एकदाचे तमारकडे इस्राएलला पोहोचले. बॅगेत जाड पोहे, गूळ आणि नारळ होते. विमानतळावर ते काढून घेतील, या काळजीनं प्रवासभर त्यांना झोप लागली नव्हती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलाकडच्या बायका जमल्या, आणि त्यांनी मोठ्या थाळ्यात मेंदी कालवून आणली. सॉलोमन बघतच राहिले.

"तमार, ही तू करायला सांगितलीस?"

"नाही हो पप्पा, त्यांच्यातपण असते."

"मोरोक्कोत?"

"हो!"

मग त्यांनी मलिदा केला. पोहे भिजवले, खोबरं खवलं, गूळ घातला, वर फळं मांडली. प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. नाशिकला दहा कधीच जमले नव्हते, इथं वीस उभे राहिले. पण चाल एकालाही माहीत नव्हती, तेव्हा सॉलोमनच एकटे म्हणत होते आणि बाकीचे जमेल तिथं आमेन म्हणत होते. मलिदा वाटताना मुलाच्या आजीनं मूठभर घेतला, चावला आणि डोळे मिटले. मग सॉलोमनचा हात धरून ती त्यांना तिच्या भाषेत काही तरी विचारू लागली. प्रश्न लांबलचक होता, मध्ये तिचे डोळे पाणावले. आजूबाजूला तमार दिसेना. आजी उत्तराची वाट बघत होती. काही न कळताच, तिला हेच हवं असेल असं वाटून, सॉलोमननी मान हलवून हो म्हटलं. तशी तिनं आनंदानं ओरडून सगळ्या बायकांना काही तरी सांगितलं, आणि सगळ्या टाळ्या वाजवत त्यांच्याकडे यायला लागल्या.