काम मिळालेली माणसं

"सध्या काय करता?" शरच्चंद्रनं विचारलं.

"सुपरवायझर. प्रभादेवीला, छापखान्यात," महादेव परब म्हणाला.

स्टोव्हपाशी बसलेल्या त्याच्या बायकोचा, सोनूबाईचा हात थांबला. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं उलटली होती. गिरणीत साच्यांवर कापड विणणारा महादेव रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, दिवसभर समुद्रकाठी बसायचा आणि संध्याकाळी परतायचा. घर तिच्या धुण्याभांड्यांवर चाललं होतं.

शरच्चंद्र अर्थशास्त्राचा प्राध्यापक. संपानंतर कामगारांचं काय झालं ते सरकारपुढे मांडायचंय, त्यावरून मदतीचं ठरेल, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. दारात शेजारचा धोंडू उभा होता. तोही त्याच गिरणीतला, तोही घरीच. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आपला टेम्पोचा धंदा आहे."

दोघं गेल्यावर सोनूबाईनं विचारलं, "खोटा कित्याक सांगितलात?"

"धोंडू दारात उभो होतो. त्येच्यासमोर काय सांगू? बायल पोसता म्हणान?"

सोनूबाईनं स्टोव्हला पंप मारायला घेतला.

काही महिन्यांनी परळच्या एका हॉलमध्ये सभा भरली. गिरणगावातले कामगार आले होते, बायका मागच्या बाजूला. सरकारी साहेबांनी शरच्चंद्रचा अहवाल वर धरला.

"बहुतेकांना दुसरं काम मिळालंय, असं हा अभ्यासच सांगतो. मग खास मदत कशासाठी?"

हॉलमध्ये गलका झाला. शरच्चंद्र कसाबसा म्हणाला, "लोकांनी सांगितलं तेच मी लिहिलं."

महादेव उठला. 

"मी खोटं बोललो, साहेब. मला काम नाही. बायको लोकांची भांडी घासते, त्यावर मी जेवतो."

गलका एकदम थांबला. कुणीतरी हसलं.

"मला पुन्हा घरोघरी जाऊ द्या," शरच्चंद्र म्हणाला. "थोडी मुदत द्या."

"एका माणसावरून निष्कर्ष बदलत नाहीत, प्रोफेसर." साहेब समोर वळले. "आणखी कोण खोटं बोललंय?"

महादेवनं धोंडूकडे पाहिलं. धोंडूचा हात अर्धा वर गेला. मग त्याच हातानं त्यानं केस सारखे केले.

"ठीक आहे. पुढचा विषय घ्या."

महादेव तसाच उभा होता. बस म्हणायलाही कुणी नव्हतं. मागच्या रांगेतून सोनूबाई उठली, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.