पडत पडत वर चढणारं पाणी

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर वाटेल, कोणीतरी लांबट पिंप कालव्याकाठी विसरून गेलंय. मी एक जुना तंबूर आहे. गाण्याचा नव्हे, पाण्याचा. नाईलच्या मुखाजवळच्या आमच्या गावात शेताला पाणी पाजणाऱ्या यंत्राला हेच नाव आहे. बाहेरून मी लाकडी पट्ट्यांचा नळा, आत लाकडाचंच मळसूत्र. तिरपं ठेवून एक टोक कालव्यात बुडवलं आणि दांडा फिरवला, की पाणी माझ्या प्रत्येक वळणावर खालीच पडत राहतं आणि पडत पडत वर पोचतं. कसं, ते मला विचारू नका. मी फक्त फिरतो.

ही करामत आर्किमिडीज नावाच्या ग्रीक गणित्याची, असं शाळेचे फहमी मास्तर सांगत. त्याच्या आधीही आमच्याकडे असे नळे होते, असं म्हणणारेही आहेत. मूळपुरुष म्हटला की एवढा वाद असायचाच. मला घडवणारा बिश्वी सुतार रंधा न थांबवता म्हणाला, "असेल, मास्तर. पण तंबूर गळायला लागला की लोक माझ्याच दारात येतात."

मी ज्या घरी गेलो, तिथली मालकीण सित्तुहुम. मास्तरांनी तिला आर्किमिडीजची पुढची कथाही सांगितली. म्हणे, तो म्हातारा वाळूत वर्तुळं काढण्यात इतका गढला होता, की शत्रूचा सैनिक समोर आला तरी उठला नाही, आणि मारला गेला.

सित्तुहुमने ओढणी डोळ्यांना लावली. "अरेरे! जेवला तरी होता का हो?"

"पुस्तकात तसं काही नाही," मास्तर म्हणाले.

"मग कसलं पुस्तक ते!"

तिचे मुलगे शेहाता आणि मेतवल्ली समोरासमोर बसून मला फिरवत, गाणी म्हणत, एकमेकांना चिडवत. आमचं शेत हिरवंगार असे. मग डिझेलचा पंप आला आणि माझी रवानगी अंगणात झाली. माझ्यात एक कोंबडी राहायला आली. ती मळसूत्रावरून गोल गोल फिरत वर यायची आणि बाहेर पडल्यावरही बराच वेळ गोलच चालायची.

अशात घरचं सामाईक गाढव मेलं. ते कोणाच्या पाळीत मेलं, यावरून भावांचं बोलणं बंद झालं. गाढवाला विचारायची सोय राहिली नव्हती.

बोलणंच नाही, म्हणून पंपातलं वंगणाचं तेल संपल्याचं एकाने दुसऱ्याला सांगितलं नाही. पंप जळला. कालव्यात आमच्या पाळीचं पाणी होतं, ते उद्या बंद होणार होतं. भाताची रोपं पिवळी पडली होती. ती गेली की वर्षाचा भात गेला.

"तंबूर काढा," सित्तुहुम म्हणाली.

त्यांनी मला कालव्यात भिजत घातलं. लाकूड फुगलं, फटी मिटल्या. पण माझं खालचं टोक पुढे ओढून मला तिरपं करायला चिखलात उतरायचं कोणी? उतरला तो हरला! म्हणून त्यांनी मला जवळजवळ ताठ उभं केलं आणि फिरवत बसले. थेंब चढेना.

"तंबूर, त्याला सांग, जोर लाव!" शेहाता म्हणाला.

"तंबूर, त्याला सांग, गाढवालाही तो हेच म्हणायचा. म्हणूनच मेलं!"

"अरे मेल्यांनो, तो ताठ उभा आहे!" सित्तुहुम ओरडली. "ताठ राहून कोणाच्याने पाणी चढलंय?" आणि या वयात झगा वर खोचून ती स्वतः चिखलाकडे निघाली.

"अम्मा, थांब!" दोघांनी एकदमच उडी मारली, एकदमच घसरले, आणि माझा पाय धरूनच उठले. मी आपोआप तिरपा झालो.

मेतवल्ली चिखलातून बघत म्हणाला, "दादा, तू अगदी आपल्या गाढवासारखा दिसतोयस रे."

"ते माझ्याच पाळीत मेलं असेल," शेहाता म्हणाला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "गुणी होतं बिचारं."

हे ते थेट एकमेकांशी बोलले. निरोप्या म्हणून मला थोडं वाईट वाटलं. पण तेवढ्यात दोघांनी दांडा फिरवला, आणि माझ्या तोंडातून पाणी आलं नि रोपांकडे धावलं.

"जेवलात का रे?" सित्तुहुमने भाकरी मोडली. एक तुकडा तिने काठावरच्या वाळूवर ठेवला. "हा त्या म्हाताऱ्याला."

तो कोंबडीने खाल्ला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांना उन्हात टाकू नका. आम्ही वाळतो, मग फटी पडतात. अधूनमधून पाणी दाखवा. आणि कोणी वाळूत रेघोट्या काढत एकटंच बसलेलं दिसलं, तर काय काढतोस ते मागाहून विचारा. आधी विचारा, जेवलास का?