काशीरामशेठची काचेची गाडी

काशीरामशेठने मुंबईच्या लिलावातून गाडी आणली ती ट्रकला दोर बांधून, ओढत. पनवेलच्या बाजारपेठेतून ती निघाली तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकं सोडून ओट्यांवर आले. काळी, लांबलचक, मागचा सगळा भाग काचेचा, काचांना आतून काळे मखमली पडदे आणि टपाच्या चार कोपऱ्यांवर चांदीच्या मुलाम्याचे चार कळस. शेठ ट्रकच्या केबिनमधून दोन्ही बाजूंना नमस्कार करत होता. निवडणूक जिंकून आलेला माणूसही इतका वाकत नसेल.

साल चोपन्न. शेठच्या मुलाचं, रामूचं लग्न वैशाखात ठरलं होतं. घोड्यावरून वरात काय, कुणीही काढतं, असं शेठचं अलीकडे मत झालं होतं.

"वरातीचीच गाडी हाय ती," गिरणीच्या आवारात जमलेल्यांना शेठ सांगे. "कुणा लाटसायबाच्या घरची. काचा कशाला ठेवल्यात? नवरा-नवरी लोकांना दिसावी म्हणून."

मागच्या फळीत लाटण्यासारखे छोटे छोटे रूळ बसवलेले होते. हे कशाला, असं कुणीतरी विचारलं. शेठ क्षणभर थांबला, पण अडला नाही. "रुखवताची ताटं ठेवायची त्याच्यावर. एक ढकल दिला की समदं रुखवत सरसर बाहेर." लोकांनी माना डोलावल्या. इंग्रजांच्यात रुखवत असतं का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. भात शेवटी सगळ्यांनाच शेठच्या गिरणीत भरडून घ्यायचा होता.

इंजिन गिरणीच्या मिस्तरीने सुरू केलं, गाडीचं आतलं काम आणि वायरिंग बुधाजीकडे आलं. बुधाजी आणि शेठ एकाच गावचे, दोघांच्या बापांनी एकाच मिठागरात मीठ ओढलेलं. पुढे एकाचा मुलगा त्याच मिठागराचा मालक झाला आणि दुसऱ्याचा मुलगा लढाईच्या दिवसांत मुंबईला लष्कराच्या वर्कशॉपात गाड्यांच्या वायरी जोडायला आणि गाद्या शिवायला शिकला. शेठ मालक कसा झाला हे बुधाजीला चांगलं ठाऊक होतं. पण पनवेलात राहायचं तर काही गोष्टी ठाऊक नसल्यासारखं वागावं लागतं, आणि ते त्याला जमत असे.

त्याची एकच हौस होती. मुलीचं, जनीचं लग्न रामूच्या लग्नाआधी पंधरा दिवस होतं. नवरा कळंबोलीचा. आपण हाताने दुरुस्त केलेल्या गाडीतून जनीची वरात बाजारपेठेतून निघावी, एवढंच त्याच्या मनात होतं. दोन दिवस शब्दांची जुळवाजुळव करून त्याने शेठला विचारलं.

शेठने पानाची पिंक टाकली. "आधी माज्या पोराची वरात. मग गाडी हाय न् तू हायेस." जनीची वरात लग्नानंतर पंधरा दिवसांनी कशी काढायची, हे काही त्याने सांगितलं नाही.

बुधाजी मान खाली घालून कामाला लागला. वायरींवरचं कापडी वेष्टण उंदरांनी खाल्लं होतं, आतली तांब्याची तार हात लावला की मोडत होती. जुनी वायर सगळी ओढून काढून त्याने नवी घातली. शेठ रोज सकाळी येई आणि एक दिवा वाढवी. कळसाकळसांत दिवे, काचांच्या कडेने लाल-हिरवे दिवे, नवऱ्या मुलाच्या तोंडावर पडेल असा एक वेगळाच दिवा. डायनामोला इतकं ओढवणार नाही, असं बुधाजी म्हणाला. "डायनामोला सांग, कुणाची गाडी हाय ती," शेठ म्हणाला. शेवटी बुधाजीने निमूटपणे जास्तीची बॅटरी बसवली.

मग छताचं अस्तर बदलायची पाळी आली. जुनी काळी मखमल उसवून त्याने खाली ओढली, तशी आतून धूळ आली आणि धुळीबरोबर तारेचं एक वर्तुळ त्याच्या मांडीवर पडलं. त्याला वाळकी पानं चिकटलेली होती, काळी फीत बांधलेली होती आणि फितीला पत्र्याचा क्रूस होता. बुधाजीने ते उजेडात धरून उलटंपालटं करून पाहिलं. मुंबईला वर्कशॉपच्या रस्त्यावर गोऱ्यांची स्मशानभूमी होती. पानाफुलांची अशी चक्रं तिथे ढिगाने येत, आणि ती ज्या गाडीतून येत ती गाडी काळी, लांब, काचेची असे. तो नेहमी लांबून बघायचा, म्हणून इतके दिवस ओळख पटली नव्हती. आता त्याने रुळांकडे पाहिलं. त्यांवरून काय सरसर बाहेर येत असे, हे त्याला कळलं.

मढ्याची गाडी होती ती.

पहिले तीन दिवस त्याला विलक्षण आनंद झाला. काळ्या मखमलीच्या जागी लाल मखमल ठोकताना तो एकटाच हसायचा. रामू मोत्याच्या मुंडावळ्या बांधून इंग्रजांच्या तिरडीवर बसणार आणि अख्खं पनवेल टाळ्या वाजवणार. बायकोने, ठमाबाईने विचारलं, एवढं हसायला काय झालं? तो म्हणाला, काय नाय.

चौथ्या दिवशी मात्र हसू आटलं. रामूने त्याचं काय वाईट केलं होतं? आणि नवरी तर कुणाची तरी जनीच होती. बुधाजी ते तारेचं वर्तुळ पिशवीत घालून शेठकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

शेठचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "आणिक कोणाला म्हाईत हाय?"

"कोणाला नाय."

"बरं," शेठ म्हणाला आणि पिशवी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत शेठने चारचौघांत जाहीर केलं, की बुधाजीच्या जनीची वरात आपल्या गाडीतून निघणार, आपल्या पोराच्याही आधी. गरिबाची पोर ती आपली पोर. लोकांनी शेठला देवमाणूस ठरवलं. ठमाबाई तर रडलीच.

बुधाजी धावत गिरणीवर गेला. शेठ गोड हसला. "तुजीच मागणी होती ना? आन् हे बघ, काय दोष असेल तो पैल्या वरातीवर उतरतो. मग गाडी मोकळी." वर म्हणाला, "तोंड उघडशील तर लोक तुलाच इचारतील, इतके दिस का गप होतास."

हे खरं होतं, आणि म्हणूनच बुधाजीच्या अंगाची आग झाली. आपली पोर याने उताऱ्याच्या लिंबासारखी रस्त्यावर ठेवली. घरी आल्यावर त्याने ठमाबाईला काही सांगितलं नाही. पण जनीला परसात बोलावलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना.

जनीने शांतपणे विचारलं, "आतली वायर नवी?"

"समदी."

"मखमल?"

"मीच ठोकली."

"मग त्या मेलेल्यांचं काय रायलं त्यात? मी बसणार. शेठला वाटतंय आमचं वाईट व्हावं, तर आमी त्याच्या डोळ्यांदेखत मजेत जाऊ."

आणि ती बसली. दिवेलागणीला वरात निघाली तेव्हा एकूण एक दिवा लागला. बुधाजी गाडीच्या बाजूने एक हात काचेवर ठेवून चालत होता, आणि नाक्यापर्यंत त्याचे डोळे कोरडे झाले नाहीत. कळंबोलीच्या वाटेवर जनीने नवऱ्याला गाडीची हकीकत सांगितली म्हणे, आणि दोघं हसत हसत घरी पोचली. दोष वगैरे काही झालं नाही. आठवड्याने ती माहेरी आली ती चांगली हसतखेळत.

शेठ निर्धास्त झाला. इतक्यात त्याच्या बायकोने, गुणाबाईने पाय आपटला.

बुधाजीला तातडीने गिरणीवर बोलावणं आलं. आवारात गाडी उभी होती, शेजारी शेठ आणि गुणाबाई.

"आतलं समदं काढ," शेठ त्याच्याकडे न बघता म्हणाला. "मखमल, गादी, समदं नवं घाल."

"का? काय बिघडलं?"

उत्तर गुणाबाईने दिलं. "वायरमनची पोर बसली त्या गादीवर माजा रामू बसायचा नाय. लोक काय म्हणतील?"

बुधाजीने शेठकडे पाहिलं. शेठ कळसाकडे बघत होता. बुधाजीला वाटलं, आपण आयुष्यभर या माणसासमोर मान खाली घातली ती नक्की कशासाठी?

"शेठ," तो सावकाश म्हणाला, "इतकी वर्सं मढी झोपली तिथं, ते तुमाला चाललं. माजी पोर घटकाभर बसली, ती नाय चालली."

"कुठली मढी?" गुणाबाईने विचारलं.

"ते शेठ सांगतील," बुधाजी म्हणाला. फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्याच्या कानावर गुणाबाईचाच आवाज येत होता. ती पुन्हा विचारत होती, पहिल्यापेक्षा मोठ्याने.