बिरड्याचा सण

"परवा आमचा बिरड्याचा सण. त्या दिवशी तेवढं येऊ नका हो, मनकर्णाबाई," रिबकाबाईनं कुंपणापलीकडून सांगितलं होतं. मनकर्णानं ते हसण्यावारी नेलं.

"घ्या! सणाले येऊ नका म्हन्ते. बिरडं कमी पडते का काय तुमचं?"

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे अकोल्यात कापसाचा भाव चढला, आणि सूर्यभान अडत्याची बायको मनकर्णा ऊठसूट नवी लुगडी नेसू लागली. शेजारची रिबकाबाई कोकणातली, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल यहुदी तेल्यांची. तिचा नवरा हसाजी आगगाडीच्या नव्या रुळांवर मुकादम होता. त्यांच्या सणांची नावं मनकर्णाला फार गमतीची वाटत, थेट चुलीवरून उतरल्यासारखी. खिरीच्या सणाला नारळाच्या दुधातली खीर तिनं सासूला चोरून खाल्ली होती. उन्हाळ्याच्या तोंडी आंबटाचं मडकं झाकायचा सण झाला. तेव्हा आठ दिवस त्या घरात आंबवलेलं काही शिजलं नाही. आता बिरड्याचा. बिरडं म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ. मग त्या दिवशीही मजाच असणार, असं तिनं धरलं.

आणखी एक गोष्ट तिला डाचत होती. वैशाखात रिबकाबाईची लेया पटकीनं गेली. मनकर्णाच्या दुर्गीच्याच वयाची, दीड वर्षाची. आपल्या पोरीला काही होईल या धास्तीनं मनकर्णानं पुढं दोन महिने कुंपणाकडे पाठ फिरवली होती. सणाच्या निमित्तानं ते भरून काढावं, म्हणून ती पुरणपोळ्या घेऊन, जरीचं लुगडं नेसून, दुर्गीच्या पायात घुंगरू बांधून गेली.

दार लोटलेलंच होतं. आत उघड्या जमिनीवर रिबकाबाई केस मोकळे सोडून वाल सोलत बसली होती आणि मोठ्यानं रडत होती. भिंतीला टेकून हसाजी खालच्या आवाजात काही म्हणत होता.

"अवो, सणाले कावून रडून राहिल्या?"

"आमचं देऊळ पाडलं होतं, बाई, यरुशलेमात," हसाजी म्हणाला. "त्याचा हा दिवस. उपास असतो. रात्री भात आणि बिरडं."

"कधी पाडलं?"

"झाली की हजारो वर्षं."

मनकर्णाला हसू फुटलं. "इतक्या जुन्या देवळासाठी? मले वाटलं, पोरीसाठी रडून राहिल्या!"

हसाजी उठून मागच्या दारानं निघून गेला.

"तिच्यासाठीच," रिबकाबाई म्हणाली. "एरवी डोळ्याला पदर लावला, की हे म्हणतात, किती दिवस गं? आज सगळेच रडतात. देवळाच्या रडण्यात माझंही खपून जातं. म्हणून म्हटलं होतं, येऊ नका."

तेवढ्यात दुर्गी कडेवरून उतरून वालांच्या टोपल्याशी गेली, मूठभर वाल उधळून खिदळली. रिबकाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं, केसांची गाठ मारली, उठून घोंगडी अंथरली.

"बसा. पावसात पोर भिजली असेल." दुर्गीच्या हातावर तिनं गुळाचा खडा ठेवला आणि हसली.

मनकर्णानं तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण ती बसली. पोळ्यांची दुरडी मांडीवर धरून दिवेलागणीपर्यंत बसली. आणि रिबकाबाई पाहुणीसमोर रडली नाही. वर्षाचा तिचा तो एक दिवस तसाच गेला.

दिवाळीनंतर रुळांचं काम पुढं सरकलं आणि हसाजीनं बिऱ्हाड बडनेऱ्याला हलवलं. सामानाची बैलगाडी निघाली तेव्हा मनकर्णा दाराआड उभी होती. तोंड दाखवायची लाज वाटली.

अमरावतीच्या बाजाराला तुमचं जाणं होत असेल, तर बडनेरा वाटेवरच आहे. रुळाकडेच्या घरांत कोकणातली रिबकाबाई विचारा. मनकर्णाचं नाव सांगू नका. ती नीट जेवते का, तिचं ऐकून घेणारं जवळ कुणी आहे का, तेवढं बघून या.