एकच घोडा

दौलेतने काउंटरवर नोट सरकवली आणि स्वतःच्याच सिनेमाचं तिकीट घेतलं. खरं तर कुणी येतंय का, एवढंच पाहायला तो कझाकस्तानातल्या तालदीकोर्गान शहरात आला होता. पण दोन तिकिटं खपल्याशिवाय इथे खेळ लावत नाहीत, आणि पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी एकटीच दाराशी ताटकळत होती.

"चला अपा, मिळाला जोडीदार," काउंटरवरची मुलगी म्हातारीला म्हणाली. "उद्या उतरवतातच हा. पाण्यासारखा पैसा ओतला आणि घोडा एकच!"

तिने दौलेतला ओळखलं नव्हतं. दिग्दर्शकाचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, घोडा मात्र अख्ख्या देशाला पाठ होता. थोडेसे स्वार चित्रित करून संगणकावर त्यांची फौज केली होती. त्यात एक घोडा, तशीच मान झटकत, युद्धभर पुन्हा पुन्हा दिसत राहिला. लोक पोट धरून हसले, सिनेमा आपटला. तेव्हापासून दौलेतला कुणाचा फोन येत नव्हता.

अख्खं सभागृह रिकामं असताना म्हातारी नेमकी त्याच्या शेजारी बसली. पिशवीतून सुकवलेल्या दह्याचा खडा काढून तिने त्याच्या हातावर ठेवला.

"आमचा म्हातारा आहे यात, फौजेत. घरचाच घोडा घेऊन गेला होता. बघायचं बघायचं म्हणत वसंतात वारला."

युद्ध सुरू झालं. ती पुढे झुकली. पडद्यावर नुसती शिरस्त्राणं.

"मेल्यांनी तोंडंच झाकलीत सगळ्यांची!"

दौलेतला तिच्याकडे बघवेना.

अचानक तिने त्याचं मनगट धरलं. "आमचा घोडा! मान झटकतोय बघ. वर तोच बसलाय!"

स्वार धुळीत दिसेनासा झाला. तिने मनगट सोडलं नाही.

"एवढंच होय?"

हा प्रसंग आला की दौलेत डोळे मिटून घ्यायचा. आज त्याने मिटले नाहीत.

"नाही अपा. आता नदीकडे बघा."

नदीतून घोडा वर आला, मान झटकत. म्हातारी हसली, रुमालाच्या टोकाने डोळे पुसू लागली.

"दमत कसा नाही हा! पण तुला कसं रे ठाऊक, लेकरा? तुझंही कुणी आहे का यात?"

हातातला दह्याचा खडा दौलेतने तोंडात टाकला.

"डोळे नंतर पुसा, अपा," तो म्हणाला. "डावीकडे, टेकडीमागून. येतोय बघा."