ममताची सावली

फाल्गुन सरत आला की कळसाडीतल्या बायका आधी आभाळाकडे बघतात आणि मग आपापल्या गच्चीकडे. आभाळ निरभ्र, ऊन कडक आणि वारा बेताचा, असे दिवस बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे. खानदेशात ज्या घरी वर्षाच्या बिबड्या होत नाहीत, त्या घराला लोक घर म्हणत असतील, पण जरा हात राखूनच.

रतिलालभाऊंच्या घरात तर चौदा माणसं, आणि त्यातली सात पोरं! कोण कोणाचं हे पाहुण्याला संध्याकाळपर्यंत उमगत नसे. एकाच्या पायात दुसऱ्याची चप्पल, तिसऱ्याच्या अंगात चौथ्याचा सदरा. या सगळ्या गोतावळ्यावर रतिलालभाऊंच्या पत्नीचं, मंगलाबाईंचं राज्य होतं. वय पासष्ट, आवाज खणखणीत. रागावल्या की अंगणातली कोंबडीसुद्धा ओट्याखाली जाई. पण रात्री नातवंडं त्यांच्याच गोधडीत शिरण्यासाठी भांडत. त्यातही थोरली नात ममता, थोरल्या नवनीतची मुलगी, त्यांच्या काळजाचा तुकडा. तेरा वर्षांची, सातवीत शिकणारी, आणि हाताला विलक्षण वळण. तिने थापलेली बिबडी वाटीने कापल्यासारखी गोल यायची.

"औंदा पहिली बिबडी ममता टाकी," असं मंगलाबाईंनी होळीलाच जाहीर केलं होतं. पोर तेव्हापासून दिवस मोजत होती.

तीन दिवस भिजवलेली ज्वारी गिरणीतून ओली दळून आली. मंगलाबाईंनी तिचे दोन वाटे केले, अर्धी आज आणि अर्धी उद्या. धडगावकडच्या नणंदबाई, भिकुबाई, मुद्दाम बिबड्यांसाठी आदल्या दिवशी जीपने घाट उतरून आल्या होत्या. वय पंचाहत्तर, दात चार, पण जिभेला धार पूर्ण. पोरं त्यांना फुईआजी म्हणत.

तांबडं फुटायच्या आधीच अंगणात चूल पेटली. भल्यामोठ्या पातेल्यात आधण ठेवलं, त्यात तीळ, जिरं, लसूण पडला. पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती गोळा झाली, कारण ज्वारीच्या पिठाचा शिजलेला गरम घाटा वर कच्चं तेल घालून खायचा, ही तर बिबड्यांमधली खरी मेजवानी! चार वर्षांच्या गोकुळने दोन वाट्या आणल्या होत्या, एक स्वतःची आणि एक ममताताईची. त्यावरून घरातल्याच अजितशी त्याची जुंपली. "माले पहिले!" "नही, माले!" मंगलाबाई एका हाताने घाटा हलवत होत्या आणि दुसऱ्या हाताने पोरं वेगळी करत होत्या.

तेवढ्यात थोरली सून सुनिता, ममताची आई, जवळ आली आणि हळूच त्यांच्या कानाशी लागली. मंगलाबाईंचा चेहरा बदलला. त्या उठल्या आणि घरात गेल्या. ममता नवा फ्रॉक घालून, केस घट्ट बांधून, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती.

"ममता, आज तू वर येवानं नही."

"का आजीमाय?"

"का म्हंजे? तुले ठाऊक नही का? अडचणवाली बाईनी सावली पडनी का बिबडी लाल पडस. मन्ही सासू सांगे, तिन्ही सासू सांगे. जाय, मांगनी खोलीमा बस."

मागची खोली म्हणजे सरकीची पोती आणि फवारणीचे पंप ठेवायची जागा. ममताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उलट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पन मंग गोकुयकडे कोन दखी?"

"दखतीन सगळ्या!" मंगलाबाई म्हणाल्या आणि वर गेल्या.

वाचकहो, सगळ्यांनी बघायचं म्हणजे कोणीच बघायचं नाही, हे मोठ्या घरात राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

गच्चीवर ओली धोतरं अंथरली गेली, आणि गडबडीत घाटा पोरांच्या वाट्यांत न पडताच वर गेला. सुनिता, धाकटी सून नूतन आणि शेजारच्या दोघी पाण्यात हात बुडवून भराभर बिबड्या थापू लागल्या. ऊन चढेपर्यंत अख्खी गच्ची गोल गोल बिबड्यांनी भरून गेली. समोर निंबाला कोवळी पालवी फुटली होती, पपईच्या बागेवरून गार झुळूक येत होती. बायका दमून खाली जेवायला उतरल्या. राखणीला अजित राहिला, आणि अजित कावळ्यामागे काठी घेऊन जो जिना उतरला तो थेट गल्लीत गेला.

मागच्या खोलीच्या खिडकीतून ममताला गच्चीचा एक कोपरा दिसत असे. त्या कोपऱ्यात तिला दोन छोटे पाय दिसले. गोकुळ! गच्चीला कठडा नव्हता. पोरगं अगदी काठावर वाकून निंबाच्या फांदीवरची कोवळी पालवी ओढायला हात लांबवत होतं.

ममताने ना अडचण पाहिली ना सावली. पोती ओलांडली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली, धोतरांवरून धावत गेली आणि गोकुळच्या सदऱ्याला मागून धरून त्याला आत ओढलं. दोघं बिबड्यांच्या मधोमध पडली. गोकुळ खदाखदा हसायला लागला. ममताने त्याचा सदरा अजून घट्ट धरून ठेवला होता. तिने त्याला खाली आणून खाटेवर बसवलं आणि कोणाला काही न बोलता पुन्हा मागच्या खोलीत जाऊन बसली.

दुपार कलली. मंगलाबाई बिबड्या उलटायला वर गेल्या आणि जिन्यावरूनच ओरडल्या, "अय माय वं! ह्या लाल कशा पडन्या?"

खरंच, पांढऱ्याशुभ्र व्हायच्या बिबड्या विटकरी दिसत होत्या. ओल्या असताना रंग कळला नव्हता, आता वाळत आल्यावर लपत नव्हता. सगळं घर वर धावलं. मंगलाबाई कपाळावर हात मारून घेत होत्या. "कोन उनं व्हतं वर? खरं सांगा!"

"ममताताई उनी व्हती!" गोकुळ अभिमानाने म्हणाला. "माले पकडाले!"

मंगलाबाईंनी वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकला. तरातरा खाली गेल्या, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि सगळ्यांदेखत ममताला नको नको ते बोलल्या. "एवढी मोठी जायी, तरी अक्कल नही! सांगं व्हतं ना तुले? सगळ्या बिबड्या मातीमा गयात!"

ममता उभी राहिली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "आजीमाय, तो काठवर व्हता. मंग काय पडू देवानं व्हतं त्याले?"

 नूतनच्या हातातलं भांडं खाली पडलं, कारण गोकुळ तिचा मुलगा. तिने धावत जाऊन त्याला छातीशी धरलं आणि तशीच ममतालाही जवळ ओढलं. मंगलाबाई जागच्या जागी थिजल्या. पण मन मोठं हट्टी असतं! चूक कळली तरी ते लगेच कबूल करत नाही. "पोऱ्या वाचना, देवनी कृपा," त्या पुटपुटल्या. "पन बिबड्या तं लाल पडन्याच ना? सावलीबिगर कशा पडतीन?"

इतका वेळ खाटेवर बसलेल्या भिकुबाईंनी वरून आणलेल्या लाल बिबडीचा एक ओलसर तुकडा तोंडात टाकला. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि तो थुंकून टाकला. "कडू जहर! मंगला, आधनमा खार कोनी टाका?"

"मी टाका," मंगलाबाई म्हणाल्या.

सुनिता चाचरली. "आई... मी बी टाका व्हता. तुम्हीच सांगं व्हतं ना, पापडखार टाक म्हनीसन."

मंगलाबाईंना आठवलं. अजित आणि गोकुळ वाटीवरून भांडत होते, तेव्हा त्यांनी सुनिताला खार टाकायला सांगितलं होतं. मग पोरांना वेगळं करून परत आल्या आणि सवयीने स्वतःच्या हाताने पुन्हा मूठभर खार टाकला.

"दुप्पट खार!" भिकुबाई म्हणाल्या. "खार जास्ती जाया का बिबडी लाल पडस. हाई तं तूच माले शिकाडं व्हतं. पन पोरवर आळ घेवानी वेळ उनी, अन् तू इसरी गयी!"

"तरी पन अक्का, जुनी मानसं काय येडी व्हती का? इटाळनी सावली..."

"बस, आते मी सांगस ते आयक!" भिकुबाई सरसावून बसल्या. "तीस वरीस मी धडगावले ऱ्हायनी. धनी कचेरीमा, पोर धाकलं, घरमा दुसरी बाई नही. महिनाना चार दिवस चूल कोन पेटाडे? मीच! बिबड्या बी करू. भिजेल जवारी कोनासाठे थांबत नही, मंगला. तिले मन्ह्या तारखा ठाऊक नही व्हत्यात. त्याच बिबड्या डबामा भरीसन मी जीपवर तुले धाडू. अन् तू काय म्हने? 'अक्का, तुन्ह्या बिबड्या म्हंजे चांदनं!' सांग, एक तरी लाल पडनी व्हती का?"

मंगलाबाईंचा हात तोंडावर गेला. "म्हंजे मी... इतला वरीस..."

"खाद्यात! मिटक्या मारी मारीसन खाद्यात! आखाजीना सणले पितरंना ताटमा बी तूच वाढ्यात. पितर काय ताट सोडीसन पयनात का?"

ओट्यावर वर्तमानपत्रामागे लपलेल्या रतिलालभाऊंना खोकल्याची उबळ आली. ती हसण्याची होती हे सगळ्यांना कळलं. सुनिताने पदर तोंडाशी धरला. भिकुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मंगलाबाईंचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणला.

"मंगला, हाई तुन्हं घर लेकरंस्नी भरेल शे. सात लेकरं! गावमा तू मिरवस. ती कोठून उनी वं? ज्याले तू इटाळ म्हनस, त्यामुयेच ना? मंग ते वंगाळ कसं व्हई? अन् आज त्या पोरनी तुन्हा नातू वाचाडा. तिले जवळ घेवानं सोडीसन तू रडाडं!"

 मंगलाबाईंना एकाएकी आपलं तेरावं वर्ष आठवलं. माहेरचा गोठा, अंगाखाली पोतं, आणि दाराबाहेरून सरकवलेली भाकरीची थाळी. त्या थाळीकडे बघून आपण रात्रभर रडलो होतो. पुढे लग्न झालं, पोरं झाली, सासू झालो आणि ते रडणं साफ विसरलो! विसरलो ते विसरलो, तीच थाळी आज आपल्या हाताने नातीपुढे सरकवली. त्यांना भडभडून आलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि तिथेच ओट्याच्या पायरीवर बसून त्या लहान मुलीसारख्या रडल्या.

त्या रात्री ममता आजीच्या गोधडीत आली नाही. गोकुळ तिला शोधत मागच्या खोलीत गेला आणि तिच्या कुशीतच झोपला. मंगलाबाईंची गोधडी पहिल्यांदाच रिकामी राहिली. चौदा माणसांच्या घरात एवढं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पहाटे त्यांनी स्वतःच मागच्या खोलीचं दार उघडलं.

"ममता, ऊठ वं माय. ज्वारीना दुसरा वाटा शे. आज खार मी एकदाच टाका, सुनिताले विचारीसन टाका. चाल, पहिली बिबडी तू टाकशी."

ममता उठून बसली, पण जागची हलली नाही. "आजीमाय, मन्हं अजून... दुसरा दिवस शे."

"माले ठाऊक शे. मी काल चुकनी, बेटा. तुन्ही आजी चुकनी."

पासष्ट वर्षांच्या बाईने तेरा वर्षांच्या मुलीपुढे चूक कबूल केली! ममता पटकन उठली आणि तिने आजीच्या गळ्यात हात टाकले. दोघी तशाच जिना चढल्या.

गच्चीवर सगळं घर गोळा झालं होतं. ममताने पाण्यात बोटं बुडवली, घाट्याचा गोळा धोतरावर ठेवला आणि हळुवार थापत गोल फिरवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सुनिता बसली, नूतन बसली, आणि ओळीमागून ओळ भरत गेली. हेमकांत, म्हणजे गोकुळचा बाप, पुरुषोत्तमनगरला कामावर जायला निघाला होता. तो क्षणभर गच्चीच्या उघड्या काठाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, रविवारी विटा आणू. कठडा बांधी टाकू." नवनीतने मान डोलावली.

दहा वाजले. ऊन चटकू लागलं. ममता उभी राहिली तशी तिची सावली ओल्या बिबड्यांवर पडली. ती दचकून बाजूला सरली. इतक्या वर्षांची भीती एका रात्रीत कशी जाणार? मंगलाबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, नातीजवळ आल्या आणि तिला खांद्याला धरून होती तिथेच परत उभी केली. मग स्वतः बिबड्यांच्या कडेला, तिच्या सावलीत फतकल मारून बसल्या.

"सरकू नको, बेटा. ऊन भलतंच लागी ऱ्हायनं. तुन्ही सावली मन्हा डोक्यावर ऱ्हाऊ दे."

भिकुबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि विचारणाऱ्याला सांगितलं की चुलीचा धूर गेला.

संध्याकाळी बिबड्या वाळल्या. कालचा लाल ढीग गुरांच्या आंबोणात गेला होता. आजच्या बिबड्या पांढऱ्याशुभ्र होत्या, आणि पहिल्या ओळीतली पहिली तर सगळ्यांत पांढरी.

बंधूंनो आणि भगिनींनो, रतिलालभाऊंच्या घराने तीन पिढ्या मुलीच्या सावलीची भीती बाळगली, पण उघड्या गच्चीला कठडा बांधावा हे तीन पिढ्यांत कोणाला सुचलं नाही. आपल्याही घरात असंच काही चाललेलं नाही ना, हे आज एकदा बघा. मुलीचं वयात येणं हा विटाळ नाही. त्याच्याच पोटी आपली घरं लेकरांनी भरतात. तिला मागच्या खोलीत बसवू नका, आपल्या शेजारी बसवा. घरातल्या लेकीची सावली कशाचंही वाईट करत नाही, हे कळसाडीच्या एका आजीला पासष्टाव्या वर्षी कळलं. आपण तेवढी वाट का पाहायची?