अंबाडीचं प्रॅक्टिकल

आमच्या कॉलेजात यंदा नवा विषय आला, शहरी शेती आणि भांग लागवड. पुस्तक आलं, शिकवायला नरेश सर आले, फक्त भांग आली नाही, कारण तिचा परवाना कॉलेजकडे नाही. सरांनी तोड काढली. थिअरी भांगेची आणि प्रॅक्टिकल अंबाडीचं! पानं दोन्हींची सारखीच दिसतात, दोर वळायचा वाख दोन्हींच्या खोडातून निघतो. ज्यानं त्यानं घरच्या गच्चीवर कुंड्यांत अंबाडी वाढवायची आणि परीक्षेला उभं पीक घेऊन यायचं. पीक नाही तर मार्क नाहीत.

बाबांच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर मी कुंड्या मांडल्या. अंबाडी माझ्या खांद्याला लागली, आणि आईनं विषयाचं नाव खालच्या ममताकाकूंना सांगून टाकलं. ममताकाकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

मग गच्चीवर जत्राच सुरू झाली. एकीला दुखऱ्या गुडघ्यावर बांधायला पानं हवीत, एकीला शंकराला वाहायला. "काकू, ही अंबाडी आहे," मी घसा कोरडा करायची.

"हो हो, अंबाडीच हाये," गुडघेवाली डोळा मिचकावून म्हणायची. "आमी कोनाले सांगत नाही."

परीक्षा मंगळवारी, आणि रविवारी बाबा प्लांटमधून घामाघूम होऊन आले. कोणीतरी तक्रार करणार असल्याची कुजबुज त्यांच्या कानावर आली होती.

"मिताली, उपटून फेक ते! ऐन रिटायरमेंटच्या तोंडावर क्वार्टर खाली कराले लावतील मले."

"अरे यार बाबा, अंबाडी आहे ती! तुम्ही लहानपणापासून खाता."

"मले मालूम हाये. लोकायले मालूम हाये का?"

डोकं आपटायला भिंत तेवढी जवळ होती. मंगळवारपर्यंत थांबा म्हणून मी हात जोडले. बाबा बूट काढायला वळले, आईही मान हलवून आत गेली. मला वाटलं, पटलं.

सोमवारी कॉलेजातून परतले तर जिन्यातच लसणाच्या फोडणीचा वास आला. बैठकीत ममताकाकू, गुडघेवाली, शंकरवाली आणि गल्लीतल्या आणखी काही जणी ताटं घेऊन बसल्या होत्या आणि आई गरम भाकरी वाढत होती. मी तशीच गच्चीवर पळाले. कुंड्यांत बोटभर खुंट उरले होते.

"आई, हे कावून केलं तू?"

"मंग काय करू? शिजवून चारल्याबिगर कोनी मानूनच नव्हतं राहिलं. आता सगळ्यायले पटलं, बाबाचं क्वार्टर वाचलं." मग तिचा आवाज उतरला. "तू बी बस ना. मस्त आंबट झाली."

मला रडूच फुटलं, दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त. रोज बादल्या वर नेऊन मी ते पीक जगवलं होतं. आणि ममताकाकू बोटं चाटत मलाच म्हणाल्या, "अवं पोरी, अंबाडीच होती तं आधी सांगाचं ना!"

जाताना त्यांनी डबाही भरून नेला.

मंगळवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे मी खुंटांची कुंडी ठेवली. नरेश सर छताकडे बघत राहिले. परीक्षकांनी शून्य दिलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरणी करा म्हणून सांगितलं. वर्ष गेलं माझं, भाकरीबरोबर.

"नुकसान कशानं झालं?" त्यांनी विचारलं. "कीड?"

"नाही सर. गुरांनी खाल्लं."

"गच्चीवर?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग कुंपण नको का घालायला?"

"कुंपण कसं घालणार सर? घरचीच होती."